चार गोधड्यांची भिंत

देवचंदभाऊंच्या पायाला भिंगरी होती. आमच्या नाट्यगृहात नऊशे खुर्च्या आहेत, पण सत्तावीस वर्षांत हा माणूस त्यातल्या एकीवरही टेकलेला मी पाहिला नाही. कार्यक्रम सुरू झाला की डाव्या बाजूच्या वाटेनं वर, मागच्या दारापाशी क्षणभर थांबायचं, उजव्या वाटेनं खाली. पुन्हा वर. बघणाऱ्याला घेरी यायची.

मी प्रेमराज. जळगावच्या तापी-गिरणा विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा सहायक. देवचंदभाऊ आमच्या नाट्यगृहाचे परिचर, म्हणजे पडदा, दिवे, माईक, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे. त्यांची हकिगत मीच सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझा हात आहे आणि तो फारसा स्वच्छ नाही.

दर जानेवारीत आमच्याकडे ‘विभाग-दर्शन’ असतं. प्रत्येक विभागानं वर्षभराचं काम चाळीस मिनिटांत रंगमंचावर आणायचं. कपाटातला प्रबंध कोण उघडतो? रंगमंचावर आणला की तो शिपाईसुद्धा बघतो. भूगोलवाल्यांनी एका वर्षी तीस मीटर निळं कापड हलवून तापीचा पूर दाखवला. विधीवाले खोटं कोर्ट भरवतात आणि त्यातही तारीखच पडते. रसायनवाल्यांनी लाकडी फळ्यांवर जो जांभळा डाग पाडला, तो अजून तसाच आहे, आणि त्या विभागाचा माणूस दिसला की देवचंदभाऊ आधी डागाकडे बघायचे, मग त्याच्याकडे.

पण कुठलाही विभाग असो, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी देवचंदभाऊ नाट्यगृह रिकामं करायचे आणि टाळ्या वाजवत फिरायचे. प्रत्येक रांगेत एक टाळी. वाजवायची, मान वाकडी करून ऐकायची, पुढे जायचं. मग एखादा स्पीकर वीतभर सरकवायचा, माईक दोन बोटं खाली घ्यायचा. नवीन प्राध्यापक हसायचे. आम्हीही हसायचो. पण आमच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळायचा, याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या विभागाकडून मृणाली उतरणार होती. पोरगी दीपनगरची, वडील वीज केंद्रात. एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून तिनं हे नाट्यगृहच मोजायला घेतलं. रंगमंचावर फुगा फोडायचा, रांगेत ठेवलेल्या माईकनं आवाज टिपायचा, संगणकावर त्याची रेघ काढायची. थेट आवाजाचं एक टोक, भिंतीवरून परत आलेल्या आवाजाचं दुसरं. चार महिन्यांत तिनं दोन हजारांवर फुगे फोडले. फुगवले मी, त्यामुळे आकडा पाठ आहे. देवचंदभाऊ तिचा माईक रांगोरांग उचलून द्यायचे. कुणीतरी त्यांच्यासारखंच रांगेरांगेत ऐकत फिरतंय, याचा त्यांना आनंद होता.

तिच्या मोजणीत एक गोष्ट मात्र बसत नव्हती. सातव्या ते दहाव्या रांगेच्या बाजूला दोन्ही भिंतींवर सारखंच काळं कापड सोडलेलं. तरी उजवी भिंत आवाज परत करायची, डावी गिळून टाकायची. नकाशाप्रमाणे असं व्हायला नको होतं. विभागप्रमुख म्हणाले, “काहीतरी कारण लिहून टाक.” ती म्हणाली, “सर, जे सापडलं नाही ते कसं लिहू?” आणि अहवालात तिनं लिहिलं, कारण आढळले नाही. आमच्या विभागात असं वाक्य लिहायला छाती लागते.

त्या वर्षी नेमकी बाहेरची मूल्यांकन समिती विभाग-दर्शन बघायला येणार होती. मग काय विचारता. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, वर्षानुवर्षं बंद पडलेलं कारंजं उडायला लागलं. नाट्यगृहाच्या सफाईची समिती नेमली आणि दारावर यादी लागली. पहिलंच नाव माझं. समितीत नाव आलं की माणूस अंगात आल्यासारखा वागतो, मीही वागलो. देवचंदभाऊ पुतण्याच्या लग्नाला तीन दिवस धुळ्याला गेले होते. डाव्या भिंतीचं काळं कापड धुवायला काढलं, तर मागे पडद्याच्या नळीला सुतळीनं बांधलेल्या चार जाडजूड गोधड्या. धुळीनं मळलेल्या, कडेला लाल दोऱ्याची शिवण. कुणीतरी रात्री झोपायला आणत असेल आणि इथे लपवत असेल, असं मी ठरवून टाकलं. “फेका,” म्हटलं. लोटन ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीत टाकल्या. धुतलेलं कापड परत लावलं. भिंत कशी सपाट दिसत होती. मी तिचा फोटोसुद्धा काढला.

कार्यक्रमाच्या दिवशी देवचंदभाऊ सकाळच्या एसटीनं थेट विद्यापीठात आले. आल्याबरोबर टाळ्यांना निघाले, तर विभागप्रमुखांनी दारातच अडवलं.

“आज तमाशा नको, देवचंद. समिती गेटवर पोचलीय.”

“सर, पाच मिनिटं.”

“एक मिनिटही नाही.”

देवचंदभाऊंनी हात खिशात घातले. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, श्रीफळं झाली. देवचंदभाऊ वाटेनं वर जात होते, खाली येत होते, पण त्या दिवशी त्यांची चाल वेगळी होती. सातव्या रांगेपाशी आले की अडखळायचे. भिंतीकडे बघायचे. निवेदिकेचा आवाज त्यांना टोचत होता, हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

मृणाली उभी राहिली. छान बोलली. मोठ्या पडद्यावर तिनं आठव्या रांगेची रेघ दाखवली. पहिलं टोक थेट आवाजाचं, दुसरं उजव्या भिंतीचं. डाव्या भिंतीच्या जागी रेघ सपाट. “आता हेच आपण प्रत्यक्ष पाहू,” ती म्हणाली आणि तिनं फुगा फोडला.

पडद्यावर तीन टोकं उभी राहिली.

तिनं दुसरा फुगा फोडला. पुन्हा तीन. तिसरा. तीनच. सभागृहात कुजबुज सुरू झाली. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “मग चार महिने तुम्ही नेमकं काय मोजलंत?”

“सर, प्रत्येक मोजणीची नोंद आहे माझ्याकडे. हे आज...”

“नोंदी बसवताही येतात.”

पुढच्या संशोधनासाठी तिची बंगळूरला निवड झाली होती, ती याच अहवालावर. आणि आमचे विभागप्रमुख उठून काय म्हणाले, तर, “विद्यार्थिनीकडून चूक झालेली दिसते. अहवाल आम्ही मागे घेऊ.” चार महिने जिच्या प्रकल्पावर स्वतःचं नाव मिरवलं, तिला एका वाक्यात सोडून दिलं. मला त्यांचा संताप आला. आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे लाल कडेच्या त्या चार गोधड्या आल्या.

रेघ का बदलली, ते मला कळलं. समोर उत्तर होतं आणि ते मलाच ठाऊक होतं. उठावं, सांगावं, की मीच काढल्या. पण समिती, विभागप्रमुख, नऊशे माणसं. माझे पाय खुर्चीखाली नुसते हलत राहिले. मी मूग गिळून बसलो.

डाव्या भिंतीचं कोडं देवचंदभाऊंना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ते वाटेत थांबले होते. मी त्यांना भर कार्यक्रमात असं वाटेच्या मधोमध थांबलेलं प्रथमच पाहिलं. आठ वर्षांपूर्वी परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकला म्हणून त्यांना मेमो मिळाला होता आणि पुन्हा असं घडल्यास चौकशी, असा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात होता. निवृत्तीला तीन महिने उरले होते. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. फक्त ती पोर खोटी ठरली असती.

ते वाटेनं खाली आले आणि पायऱ्या चढून रंगमंचावर गेले. आधी नेहमीसारखी एक टाळी वाजवली. ऐकली. मग माईक न घेताच बोलले.

“साहेब, पोरीचे आकडे खरे आहेत. डाव्या भिंतीला माझ्या चार गोधड्या होत्या. कापडामागे. आठ वर्षं. आवाज फाटत होता म्हणून मीच बांधल्या. आज त्या तिथे नाहीत.”

“परवानगी होती?” विभागप्रमुखांनी विचारलं. त्यांना हाच प्रश्न सुचला.

“नव्हती.”

अध्यक्षांनी चष्मा घातला. “हे तुम्ही म्हणताय. दाखवणार कसं?”

देवचंदभाऊंनी सभागृहाकडे पाहिलं. जानेवारीची थंडी, मागच्या रांगांतली पोरं स्वेटर-शालींत गुरफटून बसलेली. “मागच्या दोन रांगा उठा,” ते म्हणाले. “डाव्या भिंतीला येऊन उभे राहा. दाट. एकाला एक चिकटून.” पोरं उठली. साठ-सत्तर असतील. गोधड्या जिथे होत्या, तिथे माणसांची भिंत उभी राहिली.

“फोड, बेटा.”

फुगा फुटला. पडद्यावर तिसरं टोक आलं, पण एवढंसं, जमिनीतून नुकतं डोकं काढलेल्या कोंबासारखं.

“पुन्हा,” अध्यक्ष म्हणाले. पोरांना बाजूला केलं, टोक उंच झालं. पोरं परत आली, टोक बसलं. तीनदा झालं. मग अध्यक्ष मृणालीला म्हणाले, “कारण आढळले नाही, हे वाक्य अहवालात तसंच ठेवा. त्याखाली आता कारण लिहा. मघाचे माझे शब्द मी मागे घेतो.” पोरीनं मान खाली घातली आणि ती सगळ्यांदेखत रडली.

खाली उतरताना अध्यक्षांनी सहज विचारलं, “पण गोधड्या काढल्या कोणी?”

देवचंदभाऊंनी दारावरची यादी वाचलेली असणारच. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “सफाईत गेल्या असतील, साहेब,” म्हणाले आणि वाटेनं वर निघून गेले.

संध्याकाळी मी लोटनला गाठून कचरा टाकतात तिथे गेलो. तिथे राख होती.

मेमो तिसऱ्या दिवशी आला. देवचंदभाऊंनी खुलासा लिहिला तो असा: “गोधड्या माझ्या. परवानगी घेतली नव्हती. आवाज चांगला येत होता.” आस्थापना विभागातला कारकून तो सगळ्यांना वाचून दाखवत होता आणि हसत होता. मला हसू येईना. मला जेवण जाईना, झोप लागेना. घरात मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचो. बायको म्हणाली, “देवचंदभाऊंचं वारं लागलं का तुम्हाला?”

पाचव्या दिवशी मी अर्ज लिहिला. सफाई समितीचा प्रमुख या नात्यानं चौकशी न करता गोधड्या मी फेकायला लावल्या, चौकशी होणार असेल तर माझीही व्हावी. एक प्रत कुलसचिवांच्या टपालात टाकली, दुसरी खिशात घालून स्कूटरनं पिंप्राळ्याला गेलो.

देवचंदभाऊ ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. आत त्यांच्या पत्नी केसरबाई जुन्या लुगड्यांचा ढीग मांडून बसल्या होत्या. त्या धुळ्याकडच्या, घरात अजून अहिराणीच बोलायच्या. शेजारी अर्धी शिवलेली गोधडी. कडेला लाल दोरा.

“आठ वर्षं हिला वाटत होतं, गोधड्या माझ्या बहिणीनं नेल्या,” देवचंदभाऊ म्हणाले. “दोघी बोलत नव्हत्या. परवा सगळं सांगावं लागलं. दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही.”

“बोलसू काबरं?” आतून केसरबाई म्हणाल्या. “मन्ह्या हातन्या गोधड्या भीतले बांध्यात, आनि माले सांगं नही.” मग हातातलं कापड वळवत त्यांनी विचारलं, “भीत कितली हात शे?”

देवचंदभाऊ चालता चालता थांबले. “आता कशाला? माझे तीन महिने उरले.”

“तुम्हना उरनात. भीत तठेच ऱ्हाई ना.”

देवचंदभाऊ बोटांवर मोजायला लागले. एक रांग, दोन रांगा.

मी खिशातला कागद देवचंदभाऊंपुढे धरला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला. “याची गरज नव्हती, प्रेमराजभाऊ,” म्हणाले.

“मला होती,” मी म्हटलं.

केसरबाईंनी मान वर केली. “आनि त्या काढ्यात कोनी?”

देवचंदभाऊ घाईनं म्हणाले, “सफाईत गेल्या म्हणून सांगितलं ना.”

“मी काढल्या, अक्का,” मी म्हणालो. “मीच फेकायला लावल्या. जळाल्या त्या.”

केसरबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. माझे पाय उंबऱ्यावर चुळबुळत होते, पळून जावं असं वाटत होतं. मग त्यांनी मांडीवरची सुई उचलली आणि लाल दोऱ्याच्या रिळासकट माझ्यापुढे धरली, दुसऱ्या हातानं शेजारची जागा दाखवली.

“मंग आठे बसा,” त्या म्हणाल्या. “सुईमा दोरा टाका. माले आते दिखत नही.”