मशीनच्या विम्यावरचं नाव

आर्वीत आमचं घर कापसाच्या रस्त्यावर होतं. दसरा झाला की जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची. कापूस उडून ओसरीवर, तुळशीत, एवढंच काय, ताकातसुद्धा येऊन पडायचा. गाडीवान वर कापसावर बसून खुशाल विड्या ओढायचे! ते पाहून माझा जीव खालीवर व्हायचा. आमचे हे मात्र निवांत. मिडल स्कूलचे मास्तर, पण जगात कशाची घाई असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. एक गोष्ट तेवढी त्यांनी शहाण्यासारखी केली होती. घरातल्या सामानाचा आगीचा विमा उतरवला होता.

त्या विम्यासोबत एक यादी होती, आणि ती यादी म्हणजे माझा जीव की प्राण. पाण्याचे पितळी गुंड चार, कणकेची कोपर एक, भाजीचे गंज लहानमोठे सहा, झोपाळ्याची बंगई कड्यांसकट, खाटा दोन, टिनाच्या पेट्या दोन. वर्ध्याचा विमेवाला पहिल्यांदा आला तेव्हा बजावून गेला होता, "बाई, घरात नवी वस्तू आली की पत्रानं कळवायचं. कळवलं नाही, तर ती विम्यात नाही." यांनी ऐकलं आणि विसरले. मी मात्र मनात गाठ मारून ठेवली.

आणि मग माझं मशीन आलं! काय सांगू तो दिवस! माझे बाबा वडनेरला शेती करायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मी माहेरी चुलतीच्या हाताखाली शिवण शिकले होते, ते बाबांच्या ध्यानात होतं. त्या वर्षी कापूस बरा झाला, तर कोणाला न सांगता ते वर्ध्याला गेले, शिवणयंत्र घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून थेट आर्वीला आले. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून दोरी तपासायचे म्हणे, कंडक्टर पार वैतागला होता. दारात उभे राहून त्यांनी मला हाक मारली. माझ्या माहेरच्या नावानं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, त्याला सात वर्षं झाली होती. ते जुनं नाव आता एकटे बाबाच घ्यायचे.

"हे तुह्यं आहे पोरी. दुसऱ्या कोनाचं नाई. सांभाळजो," ते म्हणाले आणि पावती माझ्या हातात ठेवली. मी ती न वाचताच पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवली. मला मशीनच पाहू की पायडलवर पाय ठेवू असं झालं होतं.

पहिल्याच दिवसापासून मी यांच्या मागे लागले. "विमेवाल्याले पत्र लिहा ना."

"लिहितो."

"कवा?"

"काऊन एवढी घाई करून राह्यली? मशीन काय पळून चाललं?"

पळून नाही, जळून जाईल म्हणून तर घाई! पण नाही. आज पेपर तपासायचे, उद्या शाई संपली, परवा साहेब येणार. दसरा आला, बंड्या सुरू झाल्या, तरी पत्र नाही. मी मशीनवर पोलकी शिवायची ती एक डोळा रस्त्यावर ठेवून.

एका दुपारी व्हायचं ते झालंच. आमच्या दारासमोरच एका बंडीतून धूर निघाला. "आग! आग!" असा एकच गलका. सारी गल्ली गुंड घेऊन धावली. मी काय केलं असेल? अंगणातल्या हौदात गोधडी बुचकळली आणि मशीनवर टाकून त्याला मिठी मारून बसले! अंगावरचं लुगडं ओलंचिंब. बाहेर बंडी विझली, थोडा कापूस गेला, माणसं हसत परत फिरली, तरी मी आपली मिठीतच.

समोरच्या काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "अवं, मशीन घेऊन सती जातं का काय?"

त्याच ओल्या लुगड्यात मी यांचा टाक घेतला आणि पत्र लिहायला बसले. जन्मात कधी कचेरीला पत्र लिहिलं नव्हतं. पण काय हुरूप आला होता! आमच्या घरी शिवणयंत्र आलं आहे, नवं आहे, पायाचं आहे, ते विम्यात घ्यावं, कापसाचे दिवस आहेत, उशीर करू नये. खाली ऐटीत सही ठोकली, गल्लीचा पत्ता घातला, यांचं नाव मी कसं लिहिणार, आणि हे शाळेतून यायच्या आत टपालपेटीत टाकूनही आले.

आठ दिवस गेले. मी ओसरीत सुपात तूर घोळत होते. वर्ध्याचा विमेवाला कागद हातात धरून गल्लीतून फिरताना दिसला. प्रत्येक दारात थांबून एका बाईचं नाव विचारत होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "नाई बाप्पा, या नावाची बाई या गल्लीत नाई." कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही मान हलवली. मीसुद्धा मनात म्हटलं, कोण बाई असेल बिचारी, हिचं काय जळालं?

आणि मग ते नाव माझ्या डोक्यात शिरलं. सूप उडालं, तूर अंगणभर!

"मी! अहो भाऊ, मीच ती! इकडे या!"

झालं होतं असं, की सही कशी करायची ते मी वडनेरच्या शाळेत शिकले होते. लग्नानंतर सात वर्षांत माझ्यावर सही करायची वेळच आली नव्हती. हात आपला जुन्या वाटेनं गेला आणि माहेरचं नाव आडनावासकट लिहून मोकळा झाला.

विमेवाला डोकं धरून बसला. "मास्तरांच्या विम्यात तिसऱ्याच बाईचं मशीन कसं घ्यायचं? पावती दाखवा." मी पेटी उपसली. पावती उघडून पाहतो तर तिच्यावरही तेच नाव! दुकानदारानं नाव विचारलं असेल, तर बाबा दुसरं कोणतं सांगणार?

तेवढ्यात मधल्या सुट्टीत हे जेवायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "त्यात काय? मी वर्ध्याले जातो, पावती बदलून आणतो. मशीन आपल्या यादीत चढवून टाकू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या पावतीले हात लावू नका! चार महिने तुमच्यानं एक पत्र लिहून झालं नाई, आता वर्ध्याले चालले! घरातल्या भांड्याभांड्यावर तुमच्या घरचं नाव कोरलं आहे, मी कधी बोलली? हे एक मशीन माह्या बापानं माह्या नावानं आणलं. ते नाव मी पुसू देणार नाई!"

विमेवाला पायातल्या चपला पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाईंच्या नावानं वेगळा विमा निघतो. आजच. फक्त ह्या त्याच बाई, असं मास्तरांनी लिहून द्यावं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. 'ऐकलं का' हेच माझं नाव. त्यांनी टाक उचलला, शाईत बुडवला आणि आपल्या वळणदार अक्षरात माझं जुनं नाव सावकाश लिहिलं. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं! विमेवाल्याला मी बळंच बसवून घेतलं आणि बेसनाच्या पातोडीची गरम गरम भाजी वाढली.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. वडनेरहून परत येताना एसटीत एकच विचार सारखा येत होता, की आता ती हाक संपली. विम्याचा मला साफ विसर पडला. आयुष्यात तेवढी एकदाच मी तारीख चुकवायला निघाले होते.

दसऱ्याच्या सुमारास मी मशीनवर बसले होते. रस्त्यावरून बंड्या चालल्या होत्या. पोस्टमननं विम्याच्या मुदतीचं पाकीट बाहेर यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून वरचं नाव वाचलं. एरवी कागद कोनाड्यात टाकून विसरणारा हा माणूस, पण आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि बाबा उभे राहायचे तिथूनच त्यानं मोठ्यानं ते नाव घेतलं. नुसतं नाव, पुढं काही नाही.

माझा पाय पायडलवर थांबला.

"आली," मी म्हटलं.