उलटी फिल्म

एमआरआयच्या फिल्म देणाऱ्या खिडकीवरचा हा गृहस्थ स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. पाकीट देण्याआधी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि "हे बघा मावशी" म्हणून सुरू होणार. माझ्या मुलाच्या वेळी त्यानं मला मेंदूतलं वायरिंग शिकवलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, हे ऐकायला त्याला सवड नव्हती.

परवा मुलाची दुसरी फिल्म घ्यायला गेले, तर सिल्लोडची एक सासू रांगेत सगळ्यांसमोर सुनेला बोलत होती. "ग्रहणात भाजी चिरली हिनं, म्हणून पोराचे पाय आखडले."

त्यानं फिल्म वर धरली. "मावशी, जन्मताना पोराचा दम कोंडला. ऑक्सिजन कमी पडला की मेंदूतल्या पांढऱ्या वायरींवर कोटिंग नीट चढत नाय. मग डोक्याचा हुकूम पायापर्यंत पोचत नाय. हिच्या विळीचा इथं काय संबंध?"

सुनेनं मान वर केली.

त्यानं फिल्म उलटीच धरली होती; तिच्यावरचं नाव उलटं दिसत होतं. मी त्याला काही बोलले नाही. ग्रहणाचं माझ्याही सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि माझ्या हातात तेव्हा सुलटी फिल्म होती; तरी मी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.