पाखरांची गोफण

जयवंताची गोफण अख्ख्या गावात नावाजलेली. मचाणावर उभी राहून ही बाई दगड सोडायची, तो वावराच्या त्या टोकाच्या कणसावरचं पाखरू उठवूनच राहायचा. पण लढाई लागली कुठल्या परमुलखात आणि भाव चढला आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा. अचलपूरचे व्यापारी स्वतः गाड्या जुंपून खेड्यापाड्यांत यायला लागले. लोकांनी ज्वारी मोडून जिकडेतिकडे कपाशीची पऱ्हाटी लावली. जयवंताने आणि तिच्या नवऱ्याने, खुशालरावानेही तेच केलं. ज्वारीच नाही, तर पाखरं कशाला येतात? गोफण खुंटीला लटकली, ती चार वर्षं तशीच.

या दोघांनी तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. त्या दिवसापासून सोयऱ्यांनी त्यांचा उंबरा सोडला. दारात येणारी बाई उरली एकच, गावातली सत्यभामा. एकटा जीव, मजुरीवर जगायची. पूर्वी बाळंतपणात जयवंताला ताप चढला, तेव्हा ही नऊ दिवस तिच्या उशाशी बसली होती. प्रभूचं नाव जयवंताने पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं.

गावापासून कोसभरावर, अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, उपदेशक वामनराव भाड्याच्या एका खोलीत दर रविवारी दिवेलागणीला प्रार्थना चालवत. माणसं मोजून नऊ. दिव्याच्या वाती सत्यभामा वळून आणायची. कापूस कुठून आणते, हे कोणी कधी विचारलं नाही. देव रोजच्या कामात दिसला पाहिजे, असं वामनराव सांगायचे. जयवंताला तो दिसायचाही. गाय व्याली, प्रभूची कृपा. चूल पटकन पेटली, प्रभूची कृपा. फक्त तो नेहमी तिच्याच बाजूने उभा असायचा, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता सरव्याचं सांगतो. शेवटची वेचणी झाली, की बोंडात चिकटून राहिलेला, मातीत सांडलेला कापूस गरीब बाया वेचून नेत. त्याला सरवा म्हणायचं. त्यासाठी मालकाला विचारायचीही पद्धत नव्हती. पण कापसाचा भाव चढला आणि माणसांची नियत उतरली. खुशालराव म्हणाला, "औंदा एक बोंड सोडायचं नाई." जयवंताने खुंटीवरची गोफण काढली.

सकाळची वेळ, धुकं दाट. पऱ्हाटीत कोणाची तरी वाकलेली पाठ दिसली, डोक्यावरून पदर. जयवंता मोठ्याने म्हणाली, "प्रभू माहा राखणदार हाये," आणि तिने गोफण फिरवली. तिकडे कोणीतरी कण्हलं, ओटीतला कापूस तिथेच टाकून धुक्यात पळालं. जयवंताने तो मूठभर कापूस उचलून आपल्या गंजीवर टाकला आणि हात जोडून देवाचे आभार मानले. खरंच मानले हो, पदरचं सांगत नाही.

रविवारी ती खोलीत शिरली तर अंधार. दिव्यात तेल होतं, वात नव्हती. वामनरावांनी विचारलं तेव्हा कोपऱ्यातून सत्यभामा बोलली. तिचं मनगट सुजून टम्म झालेलं, वर हळदीचा लेप.

"हात ठेचला, वाती वळता आल्या नाई," ती म्हणाली. "आन् कापूसबी नाई. तीन वर्सं मी सरव्याचाच आणत होती, जयवंताच्या वावरातला."

 याच दिव्याजवळ जयवंताने अक्षरं गिरवली होती, याच दिव्यापुढे तिचा बाप्तिस्मा झाला होता. अंधारातच प्रार्थना सुरू झाली. तिला एक शब्द ऐकू आला नाही. कानात फक्त ते धुक्यातलं कण्हणं घुमत होतं.

परत निघताना नदीच्या उतारावर तिने सत्यभामेला गाठलं.

"मावशी, गोटा माहा होता. तुले ठाऊक होतं?"

"तुहा आवाज मले वळखू नाई येत का?"

"मंग बोलली काहून नाई? नाव तरी घेतीस माहं. मी थांबली असती."

"बोलणारच होती," सत्यभामा म्हणाली. "पण तू प्रभूचं नाव घेऊन फेकला. मले वाटलं, त्यालेच माहं सरवा वेचणं पटत नसन. म्हून पळाली."

 मनगट काय, हळदीने बरं झालं असतं. पण जिने जयवंताला देव दाखवला, तिलाच तिने देवाच्या नावाने हाकललं होतं, आणि त्या भोळ्या बाईने ते देवाचंच बोलणं मानलं होतं. सत्यभामा पुढे निघून गेली तरी ही तिथेच उभी.

घरी येऊन तिने आधी ती गोफण चुलीत घातली. खुशालराव दोन दिवस कुरकुरला, पण तिला अडवायला आला नाही. दुसऱ्या सकाळपासून ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून बायांना सरव्याला हाका मारू लागली. बाया आल्या, सत्यभामा आली नाही. चौथ्या दिवशी ती धुऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"गोफण कुठी हाये?"

"चुलीत घातली, मावशी."

 सत्यभामेने वावरात उतरून चांगल्या हाताने ओटी उघडून धरली.

"मंग ये इकडं. एका हातानं माह्याच्यानं वेचणं होत नाई."

जयवंता वाकली आणि आपल्याच वावरातला सरवा दुसरीच्या ओटीत टाकू लागली. त्या दिवशी तिने प्रभूचं नाव तोंडातून काढलं नाही.