टीम फुल नव्हती

काल वंदनाताईच्या पोस्टवर ज्यांनी मला 'खरा दोस्त' म्हटलं, त्यांनी आपापले कमेंट डिलीट करा.

मिलिंदला जाऊन आज वर्ष झालं. ताई त्याची मोठी बहीण. तिनं लिहिलं की डायलिसिसच्या चार तासांत मी तिच्या भावाला मोबाईलवर गेम खेळवायचो, शेवटपर्यंत, एकदा पण चुकलो नाही.

तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं.
पहिले आठ महिने खरं आहे. पुढचं नाही.

मी आठवी नापास. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

मिलिंद साखरा गावचा, मी जवळच्या तांड्यावरचा. शाळेत एका बाकावर बसायचो. शाळा सुटली तसा मी पुणे, सुरत, हैदराबाद करत करत आता मोरबीला टाइल्सच्या कंपनीत आहे. नाईट ड्युटी. एका जागी मन लागत नाही माझं.

त्याच्या किडन्या गेल्या. तो गावीच राहिला. मंगळवारी आन् शुक्रवारी हिंगोलीला मशीनवर, दहा ते दोन.

डाव्या हातात सुया. तो हात हलवायचा नाही. मोबाईल उजव्या हातात, म्हणजे खेळायला एकच अंगठा.

एका अंगठ्यानं लढता येत नाही. म्हणून तो गेममधी हीलर झाला. लढणाऱ्याच्या मागं चालायचं, त्याला मार लागला की बरं करायचं. फॉलोचं बटण दाबलं की त्याचा माणूस माझ्या माणसाच्या मागं आपोआप चालायचा.

"तू हिंड रे, मी मागं येऊन राहिलो," म्हणायचा. "तू हिंडला की मी बी हिंडतो. न्हाई तर हाय इथंच, वरचा पंखा पाहत."

पण माझं गेममधी पण तेच. एक मेन कॅरेक्टर धड असताना दुसरं काढलं, मग तिसरं. त्यांना आल्ट म्हणतात. प्रत्येकाला रोज वेळ द्यावा लागतो, नाही तर मागं पडतं.

मिलिंद टोमणा मारायचा. "पाच लेकरं काढले तू. एकाला बी धड जेवू घालून न्हाई राहिला."
"तुझं तर एकच हाय."
"एकच हाय, पण रोज शाळेत जातं. तुझ्यासारखं आठवीत बसून न्हाई राहिलं."

त्यातलं एक आल्ट एका मोठ्या गिल्डनं घेतलं. गिल्ड म्हणजे गेममधलं मंडळ. सगळे नाईट ड्युटीवाले, कोणी हॉटेलात, कोणी कंपनीत. म्हणून त्यांची मोठी लढाई सकाळी अकराला.
मंगळवारी आन् शुक्रवारी.

मी मिलिंदला सांगितलं, रूमवर नेट येत नाही.

मनात वाटणी केली होती. आल्टला सकाळ, मेनला संध्याकाळ. दोघांवर पण अन्याय नाही.
मिलिंद त्या वाटणीत कुठंच नव्हता.

एका शुक्रवारी माझं आल्ट लढाईच्या दरवाजाशी गेलं. तिथं मिलिंदचा हीलर उभा. डोक्यावर त्याचं नाव. माझं हे नाव त्याला माहीत नव्हतं.

त्यानं लिहिलं, "भाई, हीलर चाहिए क्या? दो बजे तक फ्री हूँ."

टीम दहाची. आम्ही आठ होतो. लीडरनं मलाच सांगितलं होतं, हीलर भेटला तर घे.

मी लिहिलं, "फुल है."

काहून? लढाईत सगळे माईकवर बोलतात. माझा आवाज त्यानं एका शब्दात ओळखला असता.

"कोई बात नहीं भाई, अच्छे से खेलो." आन् त्यानं नमस्काराचं बटण दाबलं. त्याच्या माणसानं माझ्या माणसाला हात जोडले.

मी आत गेलो. एक वाजता बाहेर आलो.
तो तिथंच उभा होता.

संध्याकाळी त्याचा फोन. "आज दोन-तीन टीमला विचारलं रे. कोणी घेऊन न्हाई राहिलं. तुझं नेट काय म्हणते?"
"कंपनीवाले करून देतो म्हणले."
"बराबर हाय. तू झोप पहिले. आवाज बसला तुझा."

माईकवर ओरडून बसला होता.

ताई, तू बाजूला बसून पाहायची, त्याच्या हातात मोबाईल चालू आहे. तुला वाटलं आम्ही खेळून राहिलो. तो एकटा उभा असायचा. मी येत नाही हे त्यानं तुला कधी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच्यासंगं खेळू, पुढच्या आठवड्यात खेळू, करत राहिलो.
एका रविवारी घरीच त्याचा जीव गेला.

तिसऱ्या दिवशी मी पोचलो. त्याच्या मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तू होता म्हणून दिस निघाले रे त्याचे."
मी मान हलवली. जेवलो. परत आलो.

आज सकाळी ताईला फोन करून सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं?"
"व्हय."
"मंग वर्षभर काहून गुळणी धरून बसला होता?"

"आता काय करू?" मी विचारलं.

"लिही हे. माझी पोस्ट मी काढणार न्हाई. लोकं दोन्ही वाचतील."
"आन् माय?"
"मायला मी सांगणार न्हाई. तिच्या हातचं जेवून गेला तू. तिच्यासमोर बस आन् तूच सांग."

लिहिलं. रजा टाकली. रविवारी साखऱ्याला येतो.
माय काय म्हणेल माहीत नाही. दारातून परत धाडलं तर ते पण बराबरच.

मिलिंद, आज सगळे तुला फुलं वाहून राहिले. माझ्याकडं सध्या एवढंच आहे.

जय भीम, दोस्ता.