दसऱ्याच्या दिवशीचा मोकळा रस्ता

माझी बायको गर्दीचं भविष्य सांगते. पोपट घेऊन नव्हे, कॉम्प्युटर घेऊन. म्हैसूरला दसऱ्याची मिरवणूक असते त्या दिवशी कुठला रस्ता कधी तुंबणार, याचा नकाशा तिच्या ऑफिसात तयार होतो आणि शहरभर मोबाइलवर फिरतो. तुंबणारे रस्ते लाल, मोकळे हिरवे. मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेला. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी विचारलं, "सगळेच रस्ते तुंबणार, हे सांगायला कॉम्प्युटर कशाला?"

ती म्हणाली, "येणारे सकाळपासून थोडे थोडे येतात. जाताना सगळे एकदम सुटतात. मला त्या जाणाऱ्यांची काळजी." तेव्हापासून तिच्या कामाची थट्टा मी बंद केली. तिची स्वतःची थट्टा मात्र चालू आहे.

पुढे तिच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, मूत्रपिंडं निकामी झाली. जुन्या शहरातलं, अग्रहारातलं घर सोडून ते आमच्याकडे शहराबाहेर बोगादीला आले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची पाळी संध्याकाळची. मशीन कमी, माणसं जास्त, त्यामुळे पाळी बदलून मिळत नाही. एका दसऱ्याला आम्ही रिंगरोडवरच अडकलो आणि शेवटी तसेच घरी परतलो. दुसऱ्या दिवशी अप्पांना धड श्वास घेता येईना. ते पाहिल्यावर माझी पाचावर धारण बसली होती.

गेल्या वर्षी दसरा पुन्हा त्यांच्या डायलिसिसच्या वारी आला. सकाळीच नेऊन दिवसभर तिथे बसवावं, तर अप्पांच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. बायको रोज नकाशावर डोकं घालून बसायची, आणि एक दिवस तिला रस्ता सापडला. कारखान्यांच्या मागून जाणारा, एरवी ट्रकांनी भरलेला, म्हणून कुणीही शहाणा माणूस तिकडे फिरकत नाही. पण आदल्या दिवशी आयुधपूजा झालेली असते. ट्रक हार घालून आपापल्या जागी उभे असतात. दसऱ्याच्या संध्याकाळी तो रस्ता रिकामा असतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी खूश झालो. "मग हा एवढा नकाशात दाखवू नकोस," मी म्हणालो. "तू हिरवा केलास की अर्धं गाव तिथे येईल."

"येईल. तेही मोजलंय मी."

"मग?"

"मग काय? मोकळा आहे तर मोकळा म्हणायला नको?"

"अप्पांचं काय?"

"अप्पांसारखे बाकीचे पण असतील ना. त्यांना कोण सांगणार?" एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मी अनुभवाने शिकलोय, तरी रात्रभर चिडचिड करत राहिलो. तिलाही झोप लागली नव्हती.

दसऱ्याला आम्ही वेळेआधीच निघालो. त्या रस्त्याला लागलो तर पुढे गाड्यांची रांग. थांबली नव्हती, पण बैल थकल्यावर चालतो तशी चालली होती. मी बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोललो असतो. मागच्या सीटवरून अप्पांनी काच खाली केली आणि शेजारच्या रिक्षावाल्याला कन्नडमध्ये विचारलं, इकडून कसा काय आलास? त्याने मोबाइल वर करून दाखवला. अप्पांनी काच लावली. "तुझाच नकाशा काय गं?" त्यांनी विचारलं. ती "हौदु अप्पा", हो, एवढंच म्हणाली आणि समोर बघत राहिली.

पोचायला उशीर झालाच. नर्स दारातच भेटली आणि म्हणाली, एकही खाट रिकामी नाही, आधी पोचले त्यांना घेतलं, थांबावं लागेल. माझा पारा चढला. पाळी आमची होती, मी भांडायच्या तयारीने पुढे झालो. पण नर्स घाम पुसत, हसत सांगत होती, "दर दसऱ्याला इथं अर्ध्या खाटा रिकाम्या असतात, सार. लोक पोचूच शकत नाहीत. या वेळी सगळे आले. काय झालं कळेना."

बायको भिंतीला टेकली आणि तिने पदराने डोळे टिपले. मला तिचा इतका अभिमान वाटला की भांडायचं राहूनच गेलं.

अप्पांनी दारातून आत, भरलेल्या खाटांकडे पाहिलं. मग माझा हात धरून सावकाश बाकावर बसले.

"परवागिल्ला, असू दे," ते लेकीला म्हणाले. "तू बोलावलेली माणसं ती. त्यांचं आधी होऊ दे."