माडाला बांधलेलं छप्पर

कमरेएवढा खड्डा खणायचा, तोही वाळूत. हातभर खणलं की वीतभर परत भरतो. त्यात जांभ्याचा चिरा उतरवायचा, त्याला आधीच दोर गुंडाळलेला, मग वरून गाळ, शिंपल्या, वाळू, आणि पायांनी तुडवत बसायचं. दोराचं मोकळं टोक छपरावरून पलीकडच्या चिऱ्याला. एका घराला असे चार चिरे, आणि आमच्या पाड्यात अकरा घरं. दरवर्षी वैशाखात दोर कुजलेले निघायचे आणि मेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या काळातलं काय आठवतं म्हणून कोणी विचारलं, तर मला आधी हे खड्डे आठवतात. माझे गुडघे गेले ते त्यातच गेले.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दिवेआगरकडून मला इकडे रेवसच्या बाजूला दिली. मी कोळ्याचीच पोर, पण माझा बाप समुद्रावर फारसा गेला नाही. तो वाडीवाल्यांकडे माडावर चढायचा, नारळ पाडायचा. त्यामुळे माझं लहानपण माडांखाली गेलं. इथे आले तर नवरा तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. वाऱ्यातलं त्याला जेवढं कळतं तेवढं कोणाला नाही, असं सगळा पाडा मानायचा. तोही मानायचा.

घरं तेव्हा कुडाची. कारवीच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, वर बांबूचे वासे, त्यावर पेंढा आणि माडाच्या झावळ्या विणून केलेली झापं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात तीन घरांची छपरं उडाली आणि ती माणसं आमच्या पडवीत महिनाभर राहिली. भिंती ओल्या, चूल पेटायची नाही, पोरं खोकायची. पुढच्या वैशाखात नवऱ्याने पाड्याला बोलावलं आणि सांगितलं, की या वर्षी छपरं माडांना बांधायची. घराच्या दोन्ही अंगांना माड होतेच. आढ्याला वेढे देऊन होडीचा जाड दोर न्यायचा आणि दोन माडांना वरच्या अंगाला दोन टोकं आवळायची.

"पावसाळ्यात होड्या वर ओढून माडालाच बांधतो ना आपण? माझ्या जन्मात येक होडी गेली न्हाय. मग घर कसं जाईल?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागे बायकांत झापं विणत बसले होते, माझे हात थांबले. चार पुरुषांत नवऱ्याशी बोलायची तेव्हा सोय नव्हती. मी शेजारी बसलेल्या सासूला हळूच म्हटलं, "आय, माड हलतो. नुसता शेंड्याला न्हाय, मुळापासनं हलतो. आमच्याकडे वादळात बुंध्याजवळची माती फुटते, आत हात जाईल येवढी. आन् दोन माड कधी येकत्र हलत न्हाईत."

"तांडेलाच्या गाठीला नवीन सुनेनं बोट लावू नये," ती म्हणाली. "गप बस."

बाई वाईट नव्हती. तरुणपणी विधवा झालेली, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासळी विकून तिने एकुलता एक मुलगा वाढवला होता. कधी गाबोळी, माशाची अंडी, मिळाली तर आधी माझ्या ताटात घालायची. पण मुलाच्या शब्दापुढे तिला दुसरं काही ऐकू यायचं नाही. मला राग आला. नवी होते तरी तोंडाची काही मी गरीब नव्हते. खरं सांगते, मी मनात म्हटलं, मरा मग. आणि पुन्हा झापं विणायला लागले.

तो पावसाळा छान गेला. एक छप्पर हललं नाही. पावसाळ्यातला वारा एकाच अंगाने येतो, सगळे माड एकाच बाजूला कलून राहतात, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. नवरा येता-जाता दोर दाबून बघायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. सासूने त्याला माझं बोलणं सांगितलं असणार. मी पण हसायचे. आपलंच चुकलं असेल, असंही मला वाटायला लागलं होतं.

दसरा होऊन गेला होता. बोंबील वाळत घातले होते, दिवाळीच्या पोह्यांची तयारी चालली होती. सकाळपासून हवा कोंदलेली, आणि दुपारी वारा सुटला तो खाडीच्या बाजूने, उलटा. पुरुष होड्या ओढायला धावले. आम्ही बायका पोरं घेऊन वरच्या दगडी देवळात निघालो. सासू चुलीपाशी बसलेली, उठेना.

"चला आय," मी म्हटलं.

"मी कशाला येऊ? माझ्या पोरानं बांधलंय घर."

मी तिचा हात धरून ओढला, तिने सोडवून घेतला. शेजारणीची दोन पोरं माझ्या पदराला लटकलेली, तिसरं कडेवर. तेव्हा मला म्हणता आलं असतं, आय, छप्पर जाईल, मी सांगितलं होतं तुम्हाला. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी फक्त "चला" म्हणत राहिले, आणि मग पोरांना घेऊन गेले.

देवळाच्या पायरीवरून आमचं घर दिसायचं. वारा घटकेत इकडून, घटकेत तिकडून. आमचे दोन माड एकमेकांपासून लांब कलले आणि मधला दोर ताणून सरळ झाला. आढं वाशांसकट वर उचललं गेलं. साधा जुना दोर असता तर तुटला असता आणि छप्पर जागेवर बसलं असतं. होडीचा दोर तो, कसला तुटतोय. माड परत आत आले, दोर सैल पडला, आणि उचललेलं सगळं घरात कोसळलं. एका पाठोपाठ एक, आठ घरांचं तसंच झालं.

बाकी घरांत कोणी नव्हतं. आमच्या घरात ती होती. आढं तिच्या खुब्यावर पडलं. हाडवैद्याने पट्टे बांधले, लेप लावले, पण ती पुन्हा कधी उभी राहिली नाही.

पुढच्या वैशाखात पाडा जमला. नवरा हातात दोर घेऊन मान खाली घालून बसलेला. त्या वर्षात तो माणूस म्हातारा झाला होता. सासूची खाट आम्ही सावलीला आणून ठेवली होती. ती खाटेवरून म्हणाली, "हिला इचारा. हिच्या बापाच्या गावात काय करतात ते हिला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं, की माडाला कोणी बांधत नाही, जमिनीत चिरा पुरतात. नवरा उठला, फावडं घेतलं आणि पहिला खड्डा त्याने स्वतः खणला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. त्या वर्षापासून आमच्यात रीत पडली, की अकराही घरांचे चिरे पुरून होईपर्यंत कोणी आपल्या घराची झापं चढवायची नाहीत. नवी सून आली की तिला चारचौघांत विचारायचे, तुमच्याकडे कसं करतात. पोरी लाजून मरायच्या, पण सांगायच्या.

माझे दिवस मात्र सासूच्या खाटेभोवती गेले. भरवणं, पुसणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून. वैशाखात खड्डे, इतर वेळी ही. मी तिच्यावर चिडायचे, तीही माझ्यावर. बारा-तेरा वर्षं अशी गेली. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मग पुन्हा तसं वादळ आलं, तसाच उलटा वारा. या वेळी तिला देवळात उचलून न्यायला माणसं मिळेपर्यंत उशीर झाला, म्हणून मी तिच्यापाशी घरातच बसले. वर दोर करकरत होते. वासे हलायचे आणि पुन्हा जागेवर बसायचे. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी वर बघत होतो. छप्पर राहिलं. वारा पडल्यावर शेजारची माणसं एकमेकांना हाका मारायला लागली, कोणाचंच गेलं नव्हतं.

सासू वर बघतच म्हणाली, "तुला ठावं व्हतं. मग त्या टायमाला पुन्ना का बोलली न्हाईस?"

मला एकदम भडकायला झालं. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं. "तुम्हीच म्हणालात ना, गप बस."

तिने मान माझ्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता.

"येकदाच तर म्हनले व्हते," ती म्हणाली.

तिची कूस बदलायची वेळ झाली होती. मी उठले आणि तिच्या पाठीखाली हात घातला.