रागाचा रकाना

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला सगळे 'बर्फ' म्हणत. बावीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. समोरचा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असला तरी हा म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं," आणि नोंदवहीत लिहायचा. साहेब नव्या लोकांना त्याचा दाखला देत. त्याला स्वतःला दुसरं काही दिल्याचं ऐकिवात नाही.

गेले चार महिने मात्र बर्फ सकाळी एक बूट घालून, दुसरा हातात धरून बसून राही. छाती धडधडे, तळहात ओले होत आणि आपण आता मरणार अशी खात्री पटे. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय निर्दोष सुटलं. रजा संपल्या. साहेबांनी सांगून टाकलं, आणखी एक खाडा झाला की खिडकी दुसऱ्याला आणि तुम्ही तळघरात, जुन्या फायलींत. माणसांचा त्याला वीट आला होता. पण माणसांशिवाय तळघरात दिवस काढायच्या कल्पनेनं धडधड आणखी वाढे.

"अहो, दुसऱ्या बुटासाठी अर्ज करायचाय का?" बायको विचारायची. विनोदही आता थकला होता. शेवटी तीच त्याला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी वही दिली. काय घडलं, काय वाटलं, दहापैकी किती, मग काय केलं, रोज लिहायचं. आठवड्यानं त्यानं ती लाल रेघांनी आखून, नीट भरून पुढे ठेवली. भीती: सात. कारण तपासले. निकाली. उदास: पाच. निकाली. रागाच्या रकान्यात सातही दिवस एकच शब्द: निरंक.

"परवा कुणी तुमच्या अंगावर फाईल फेकली, असं तुम्हीच लिहिलंय. राग नाही आला?"

"त्यांच्याकडे नऊ दिवस पाणी नव्हतं हो. बरोबर होतं त्यांचं."

"आणि तुमचं?"

त्यानं वही टेबलाच्या कडेला समांतर सरकवली.

"बरं, हे 'निकाली' काय?"

"आमच्याकडे तक्रार त्याच दिवशी निकाली काढावी लागते."

"मग पाणी येतं?"

"छे! पाणी येतं तेव्हा येतं. निकाली निघते ती फक्त नोंद."

बोलून झाल्यावर त्यानं वहीतल्या एका 'निकाली'वर बोट ठेवलं.

"चेहरा थंड ठेवायचं काम शरीरालाच करावं लागतं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं जादा पाळी. दमणारच ते. जे वाटतं त्याला आधी नाव तरी द्या."

सोमवारी दुसरा बूट घालायला पाऊण तास लागला, पण घातला. खिडकीशी पहिल्याच माणसानं त्याला फुकट्या, निर्लज्ज, आणखी बरंच काही म्हटलं.

"बरोबर आहे..." तो थांबला. "नाही. मला राग आलाय. दोन मिनिटं थांबा."

माणूस चपापला. "बरं. घ्या, पाणीबिणी प्या."

कार्यालयातही शनिवारपासून पाणी नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. माणूस कठड्यावर कोपर टेकून म्हणाला, "मग बसा असेच. मीही थांबतो."

छाती धडधडत होती. त्यानं खणातून बाईंची वही काढली. राग: सहा. पुढे सवयीनं 'नि' लिहिला, खोडला आणि लिहिलं: प्रलंबित.

मग त्या माणसाची तक्रार लिहून घेतली. खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी होती.